युनियनची वर्गणी कोण भरतो आणि का: देशोदेशींचे टक्के वाचताना

आमच्या कमिटीत माझ्यासोबत बरीच वर्षं काढलेल्या मित्राची मुलगी सध्या विद्यापीठात अर्थशास्त्रात एमए करतेय. प्रोजेक्टसाठी तिने एक तक्ता केलाय, कुठल्या देशात किती टक्के कामगार युनियनचे सभासद आहेत त्याचा. आइसलँड ९० च्या वर, डेन्मार्क-स्वीडन ६५-७०, बेल्जियम ५० च्या जवळ, ब्रिटन २२, जपान १६, अमेरिका १० आणि फ्रान्सही १० च. तिने मला विचारलं, काका, फ्रान्सचा कामगार अमेरिकेतल्या कामगाराइतकाच कमजोर आहे असं लिहू का, आणि भारताचा आकडा प्रत्येक ठिकाणी वेगळा सापडतोय तर त्यातला कुठला धरू? फोनवर सांगायला लागलो पण पाच मिनिटांत आवरेना, म्हणून इथे सविस्तर लिहितोय, बाकीच्यांनाही उपयोगी पडेल. मी भोसरी-पिंपरी पट्ट्यात ३१ वर्षं युनियनचं काम केलं, आधी मशीनवर असताना, मग कमिटीत, शेवटची बरीच वर्षं पूर्ण वेळ. पावती पुस्तक हातात घेऊन लाइनवर फिरलोय, त्यामुळे सभासद हा शब्द ऐकला की मला टक्का दिसत नाही, वर्गणी देताना माणूस काय विचारायचा ते आठवतं.

तर आधी फ्रान्सचं. नको, असं लिहू नकोस. फ्रान्स आणि अमेरिका एका ओळीत बसवलेस तर प्रोजेक्टची सुरुवातच चुकेल. का ते सांगतो, पण त्यासाठी आधी कारखान्यात यावं लागेल.

परमनंटची ऑर्डर हातात पडल्यावर नवीन पोरगा कमिटीवाल्याला दोनच प्रश्न विचारतो. वर्गणी किती, आणि नाही भरली तर काय होतं? आता नाही भरली तरी पगारवाढ बुडत नाही. मान्यताप्राप्त युनियनने केलेला करार सगळ्यांना लागू होतो, तसंच जुन्या औद्योगिक विवाद कायद्याच्या कलम १८(३) खाली समेट अधिकाऱ्यासमोर झालेला करारही त्या कारखान्यातल्या सगळ्या कामगारांना लागू व्हायचा, सभासद असो वा नसो, पुढे नोकरीला लागणाऱ्यालासुद्धा. एका फिटरने मला तोंडावर सांगितलं होतं, साहेब मला वाढ मिळणारच आहे तर मी का भरू? त्याचं बोलणं चुकीचं नव्हतं. मग लोक भरतात कशासाठी, तर चार्जशीटसाठी. कंपनीने चार्जशीट दिलं, खातेनिहाय चौकशी लागली, की समोर मॅनेजमेंटचा माणूस, चौकशी अधिकारी, बाहेरचा वकील, आणि आपल्या बाजूला कोणीतरी बचाव प्रतिनिधी म्हणून बसलेला हवा. त्या फिटरने वर्गणी भरली ती शेजारच्या मशीनवरच्या माणसाची चौकशी बघितल्यावर, तीन वर्षांची एकदम आणून दिली.

म्हणून मी प्रत्येक देशाचा आकडा बघताना एकच विचारतो. या देशात सभासद झालं नाही तर माणसाचं काय बुडतं? हे कळलं की आकडा का मोठा आणि का छोटा ते बहुतेक कळतं. तुझ्या तक्त्यात हा कॉलमच नाहीये, आणि माझ्या मते तोच मुख्य कॉलम आहे.

स्वीडन, डेन्मार्क, फिनलंड हे सगळे वरच्या नंबरावर आहेत आणि आपल्याकडे लगेच म्हणतात की तिकडचा कामगार जागरूक. असेलही, पण त्या देशांत बेकारी भत्त्याचा विमा परंपरेने युनियनशी जोडलेल्या फंडातून चालत आलाय. सरकारचा पैसा असतो, पण फंड युनियनच्या सावलीत. याला घेंट पद्धत म्हणतात, बेल्जियममधल्या घेंट शहरात १९०१ मध्ये अशी योजना सुरू झाली म्हणून ते नाव. नोकरी गेली तर पैसे युनियनच्या दारातून येणार म्हटल्यावर माणूस नोकरीला लागतानाच सभासद होतो, बेकारीची भीती जितकी जास्त तितके सभासद जास्त. आपल्याकडे उलट होतं, मंदी आली की आधी युनियन फुटते कारण परमनंट घाबरतो. फंडात राहायचं आणि युनियनमध्ये नाही असं करता येतं, कायद्याने सक्ती नाही, पण बरीच वर्षं लोक दोन्ही एकच समजायचे.

आता हे नुसतं म्हणणं नाही, याचा पुरावा आहे. स्वीडनमध्ये २००६ च्या निवडणुकीनंतर नवीन सरकार आलं आणि २००७ पासून त्यांनी या बेकारी फंडांची फी बरीच वाढवली, युनियनच्या वर्गणीवर करात मिळणारी सवलतही काढली. २००६ ला सभासद ७७ टक्के होते, २००८ ला ७१. दोन वर्षांत सहा टक्के! ज्या देशात आकडा वर्षाला अर्धा-पाऊण टक्का हलतो तिथे हे म्हणजे भिंत पडल्यासारखं. कामगारांची जाणीव काही दोन वर्षांत आटली नव्हती, दाराची फी वाढली होती. २०१४ मध्ये ती फी परत खाली आणली पण गेलेले सगळे परत आले नाहीत, आणि हे मला आपल्याकडेही दिसलंय, एकदा पावती फाडायची सवय मोडली की ती परत लावायला एक पिढी जाते. आणि शेजारचा नॉर्वे बघ, भाषा जवळची, राजकारण जवळचं, पण बेकारी विमा सरकारी, युनियनशी संबंध नाही. तिथे ५० टक्क्यांच्या आसपास. म्हणजे स्वीडन आणि नॉर्वे यांच्यातला जो फरक आहे त्यातला मोठा भाग या एका दाराचा आहे असं मी धरतो.

इस्राएलची गोष्ट तर अजून स्पष्ट आहे. तिथे हिस्तद्रुत नावाची जुनी कामगार संघटना, तिच्याकडे देशातला सगळ्यात मोठा आरोग्य फंड होता, दवाखाना हवा तर सभासद व्हा. १ जानेवारी १९९५ पासून राष्ट्रीय आरोग्य विमा कायदा लागू झाला, दवाखाना सगळ्यांना मिळायला लागला आणि संघटनेचे सभासद धडाधड कमी झाले. त्यातले किती जण कामगार म्हणून आले होते आणि किती जण आईच्या औषधासाठी, हे आधीच्या मोठ्या आकड्यात कुठेच लिहिलेलं नव्हतं. मला त्या लोकांबद्दल काही तक्रार नाही, औषधासाठी संघटनेत येणं यात कमीपणा काय, आपल्या पुण्यातल्या हमाल पंचायतीत आणि कचरा वेचणाऱ्यांच्या कागद काच पत्रा कष्टकरी पंचायतीतही लोक ओळखपत्रासाठी, विम्यासाठी, मुलांच्या वह्यांसाठी आले आणि मग मोर्चात पुढे चालले. पण आकडा वाचताना हे माहीत पाहिजे.

आइसलँडच्या ९० च्या मागेही असंच आहे, तिथे ज्या क्षेत्राचा करार असतो त्या क्षेत्रात काम करणाऱ्याच्या पगारातून संघटनेचा हिस्सा कापला जातो, आणि संघटनेचा आजारपणाचा फंड असतो, सुट्टीला राहायला घरं असतात. छोटा देश, नोकरीसोबत सभासदत्व येतंच.

आता फ्रान्स. तुझ्या प्रश्नाचं खरं उत्तर इथे आहे. फ्रान्समध्ये सभासद १० टक्के, पण सामूहिक कराराखाली येणारे कामगार ९८ टक्के. हो, अठ्ठ्याण्णव. कारण तिथे एखाद्या उद्योगाच्या मालक संघटनेने आणि युनियनांनी करार केला की सरकार तो त्या पूर्ण उद्योगाला लागू करू शकतं, १९३६ पासूनची पद्धत आहे ही. म्हणजे कुठल्या तरी छोट्या बेकरीत काम करणारी मुलगी, जिने युनियनचं ऑफिस आयुष्यात बघितलं नाही, तिचा किमान पगार, सुट्ट्या, नोटीस हे सगळं तिच्या धंद्याच्या करारातून येतं. मग ती वर्गणी का भरेल, काय बुडतंय तिचं? आणि युनियनची ताकद मोजायचं तिथलं मापही वेगळं आहे, मतदान. कामाच्या ठिकाणी प्रतिनिधींच्या निवडणुका होतात, २००८ च्या कायद्यानंतर कंपनीत किमान १० टक्के मतं मिळाली तरच ती युनियन प्रातिनिधिक धरली जाते, उद्योगाच्या आणि देशाच्या पातळीवर ८ टक्के. वर्गणी न भरणारा माणूसही मत देतो. २०२३ मध्ये पेन्शनचं वय ६२ वरून ६४ करण्याच्या विरोधात जे लाखोंचे मोर्चे निघाले ते याच १० टक्केवाल्या देशात. आमच्या गेट मिटींगला सभासदांपेक्षा जास्त माणसं आली तर आम्हाला आनंद व्हायचा, तिकडे ते रोजचंच आहे.

अमेरिकेत अगदी उलट. २०२४ ला सभासद ९.९ टक्के आणि कराराखाली येणारे जेमतेम ११ टक्के. म्हणजे तिथे करार दाराबाहेर जातच नाही. १९३५ च्या कायद्याने तिथे एकेका ठिकाणी, एकेका युनिटमध्ये बहुमत सिद्ध करावं लागतं, मतदान जिंकलात तर तुम्ही सगळ्यांच्या वतीने बोलणार, हरलात तर शून्य, ४९ टक्के लोक तुमच्या बाजूने असले तरी त्यांच्याकडे करार नाही. आणि मतदानाआधी कंपनी महिनोन्महिने सल्लागार नेमून प्रचार करू शकते. म्हणून फ्रान्सचे १० आणि अमेरिकेचे १० यात जमीन-अस्मानाचा फरक आहे, एकीकडे १० जणांनी मांडलेल्या पंगतीत ९८ जण बसतात, दुसरीकडे ११. तक्त्यात सभासदांच्या शेजारी कराराचा कॉलम टाक, तुझा तक्ता आपोआप बोलायला लागेल. ऑस्ट्रिया टाक, सभासद २६ च्या आसपास आणि करार ९८, कारण तिथे मालकांना व्यापार चेंबरचं सभासद होणं सक्तीचं आहे आणि करार चेंबरच करतं, म्हणजे कामगार नाही, मालक शंभर टक्के संघटित आहेत! जर्मनी टाक, सभासद १५ च्या आसपास, करार निम्म्याला.

अमेरिकेच्या आकड्यात अजून एक गोष्ट शिकण्यासारखी आहे म्हणून थोडं थांबतो. १९८३ मध्ये सभासद २०.१ टक्के होते, म्हणजे चाळीस वर्षांत निम्मे झाले असं सगळे लिहितात. पण माणसं मोज. तेव्हा १ कोटी ७७ लाख, २०२४ ला १ कोटी ४३ लाख. माणसं साधारण पाचातला एक कमी झाला, टक्का मात्र निम्मा झाला, कारण मधल्या काळात नोकऱ्या वाढल्या आणि त्या नवीन नोकऱ्यांत युनियन गेलीच नाही. हे दुखणं मी जवळून बघितलंय. आपल्या पिंपरी-चिंचवडमधल्या जुन्या कारखान्यांतल्या युनियना मेल्या नाहीत, चाकण, रांजणगाव, तळेगाव उभं राहिलं आणि आम्ही तिकडे उशिरा पोचलो. टक्का कमी झाला की दोन वेगवेगळे आजार असू शकतात, सभासद सोडून जातायत किंवा नवीन येत नाहीयेत, आणि दोघांवर औषध एक नाही. आणखी एक, अमेरिकेत सरकारी नोकरांत ३२ टक्के आणि खासगीत ६ टक्के, देशाचा १० हा आकडा प्रत्यक्षात कुठेच नांदत नाही. ब्रिटनमध्येही तसंच, सरकारी क्षेत्रात निम्म्याच्या आसपास आणि खासगीत साधारण आठात एक. तिकडे आता युनियनचा सरासरी सभासद म्हणजे खाणकामगार नाही, नर्सबाई आणि शिक्षिका, सभासदांत बायका पुरुषांपेक्षा जास्त आहेत. स्वीडनमध्ये तर कारखान्यातल्या कामगारांपेक्षा ऑफिसवाल्यांत प्रमाण जास्त आहे, हे मी हिंजवडीतल्या पोरांना सांगतो तेव्हा त्यांचा विश्वास बसत नाही, त्यांच्या डोक्यात युनियन म्हणजे खाकी कपडे आणि गेटवरचा लाल किंवा भगवा बोर्ड.

आता मोजतात कसं ते. हा भाग कंटाळवाणा वाटेल पण चुका इथेच होतात.

बरीच वर्षं झाली, आमच्या एका कारखान्यात मूळ कंपनीच्या देशातून तिथल्या युनियनचा एक प्रतिनिधी आला होता. चहा झाला, त्याने विचारलं तुमचे किती टक्के सभासद? १७० परमनंट, त्यातले १६८ आमचे, मी छाती पुढे काढून सांगितलं ९९ टक्के. मग आम्ही त्याला लाइन दाखवायला नेलं. असेंब्लीवर निळ्या शर्टात एखाददुसरा आणि बाकी सगळे राखाडी शर्ट, त्याने विचारलं हे कोण, म्हटलं कॉन्ट्रॅक्टचे, आणि ते पलीकडचे ट्रेनी. ते तुमचे सभासद नाहीत का? नाहीत. एकूण किती माणसं आत आहेत? ६०० च्या आसपास. त्याने वहीत भागाकार केला आणि मला दाखवला, २८. तो काही टोचून बोलला नाही, नुसती वही दाखवली. मला त्या रात्री झोप लागली नाही हे खरं सांगतो. त्यानंतरच्या करारात आम्ही कॉन्ट्रॅक्ट कामगारांच्या कॅन्टीनचा आणि बसचा मुद्दा पहिल्यांदा मागणीपत्रात घातला, तोपर्यंत घातला नव्हता.

९९ आणि २८ दोन्ही आकडे खरे होते. छेदात कोण धरलं एवढाच प्रश्न. आंतरराष्ट्रीय तक्त्यांत साधारणपणे छेदात पगारी नोकर धरतात, स्वतःचा धंदा करणारे धरत नाहीत, आणि अंशात फक्त कामावर असलेले सभासद धरायचे असतात, निवृत्त वगळून. इटलीत हे न वगळता मोजलं तर घोटाळा होतो, तिथल्या सगळ्यात मोठ्या संघटनेचे जवळपास निम्मे सभासद पेन्शनर आहेत. शिवाय आकडा कोणी दिला ते बघायचं. युनियनने दिला की प्रशासनाच्या नोंदीतून आला की घरोघरी सर्व्हे करून माणसालाच विचारलं? अमेरिका, ब्रिटन माणसाला विचारतात. फ्रान्समध्ये पूर्वी अंदाज ८ टक्के धरला जायचा, मग तिथल्या कामगार खात्याने सर्व्हेतून मोजलं तर २०१३ साठी ११ आला. एकही माणूस नवीन सभासद न होता देशाचा आकडा तीनने वाढला! तुझ्या तक्त्यात फ्रान्सचं जुनं वर्ष एका पद्धतीने आणि नवीन दुसऱ्या पद्धतीने आलं तर तू लिहिशील फ्रान्समध्ये युनियन वाढतेय, म्हणून जपून.

चीनचा आकडा वेगळ्याच कारणाने बाजूला ठेव. तिथे कायद्याने एकच महासंघ, सभासद ३० कोटींच्या घरात, जगातली सगळ्यात मोठी संघटना. पण संपाचा हक्क त्यांच्या राज्यघटनेतून १९८२ मध्ये काढला गेला आणि दुसरी युनियन काढता येत नाही. सभासदत्व नाकारायची किंवा दुसरीकडे जायची मोकळीक नसेल तर तो टक्का आणि नॉर्वेचा टक्का एका फुटपट्टीवर मोजू नये असं माझं स्पष्ट मत आहे.

आता भारत, ज्यासाठी तू खरंतर अडलीयेस.

छेद आधी घे. २०२३-२४ च्या श्रमशक्ती सर्वेक्षणाप्रमाणे आपल्याकडे काम करणाऱ्या १०० जणांत साधारण ५८ स्वतःचं काम करणारे, २० रोजंदारीवाले आणि २२ नियमित पगारी. समजा, फक्त हिशोबासाठी समज, की या १०० पैकी ६ जण युनियनचे सभासद आहेत. सगळ्यांनी भागलं तर ६ टक्के. पगारी आणि रोजंदारी मिळून ४२ ने भागलं तर १४. फक्त नियमित पगाऱ्यांनी भागलं तर २७. एकाच देशाचा, एकाच वर्षाचा, एकाच माणसांचा आकडा ६ पण आहे आणि २७ पण. तुला वेगवेगळ्या ठिकाणी वेगळे आकडे मिळतायत त्याचं निम्मं कारण हे.

उरलेलं निम्मं कारण अंशात आहे. आपल्याकडे केंद्रीय संघटना स्वतः जो आकडा सांगतात तो एक, रजिस्ट्रारकडे युनियन जे वार्षिक रिटर्न भरतात तो दुसरा, आणि कितीतरी नोंदणीकृत युनियन रिटर्न भरतच नाहीत. तिसरा म्हणजे केंद्र सरकारने केलेली पडताळणी. ३१ डिसेंबर २००२ ही तारीख धरून जी झाली त्यात भारतीय मजदूर संघ सुमारे ६२ लाख, काँग्रेसशी जोडलेली इंटक सुमारे ३९ लाख आणि सगळ्या संघटना मिळून अडीच कोटींच्या आसपास निघाले, आणि आजही तोच आकडा लोक लिहितात, वीस वर्षांहून जुना. शिवाय एक माणूस दोन युनियनांच्या पावत्या फाडतो हे मी डोळ्यांनी बघितलंय, भांडण नको म्हणून दोघांनाही वर्गणी.

आणि कागदावरचा सभासद आणि मनातला सभासद यातली दरी बघायची असेल तर मुंबईच्या गिरण्यांच्या संपाचा अभ्यास कर. १८ जानेवारी १९८२, अडीच लाखांच्या आसपास गिरणी कामगार डॉ. दत्ता सामंतांच्या मागे बाहेर पडले. पण मुंबई औद्योगिक संबंध कायदा, १९४६ प्रमाणे गिरणी उद्योगातली प्रातिनिधिक युनियन होती राष्ट्रीय मिल मजदूर संघ, त्या कायद्यात २५ टक्के सभासद दाखवले की तो दर्जा मिळायचा आणि बोलणी फक्त तिच्याशीच. त्या वर्षीचा कागदावरचा टक्का घेऊन बसलं असतं तर रस्त्यावर काय चाललंय ते अजिबात दिसलं नसतं. किती घरं उद्ध्वस्त झाली, किती जण गावी गेले ते गेलेच. आमच्या पिढीला तो संप आठवला की अजून पोटात तुटतं, म्हणून आकड्यांचा प्रश्न माझ्यासाठी नुसता आकड्यांचा नाही.

महाराष्ट्रात १९७१ चा जो युनियनच्या मान्यतेचा कायदा आहे त्यात मान्यतेसाठी सलग सहा महिने ३० टक्के सभासद दाखवावे लागतात. केंद्राची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली, तिच्यात एकापेक्षा जास्त युनियन असतील तर बोलणी करणारी एकमेव युनियन व्हायला ५१ टक्के लागतात, कोणाकडेच नसले तर २० टक्क्यांच्या हिशोबाने वाटाघाटी परिषद. म्हणजे आपण अमेरिकेच्या बहुमताच्या दिशेने सरकलोय, आणि छेदात कंत्राटी नसतील तर ५१ टक्के मिळवणं परमनंटच्या युनियनला सोपं, राखाडी शर्टवाल्याला मात्र कोणी विचारणार नाही. मला याची काळजी वाटते.

आता जे कुठल्याच तक्त्यात बसत नाहीत त्यांच्याबद्दल, कारण तू पुण्यात राहून हा विषय करतेयस आणि जगाला दाखवण्यासारखं काही असेल तर ते हेच आहे. अहमदाबादला सेवा ही स्वतःचं काम करणाऱ्या गरीब बायकांची संघटना १९७२ मध्ये युनियन म्हणून नोंदवायला गेली तेव्हा आक्षेप काय आला, तर या बायकांना मालकच नाही, मग युनियन कोणाविरुद्ध? इलाबेन भट्टांनी भांडून नोंदणी घेतली, युनियन ही कामगारांच्या एकीसाठी असते, कोणाच्या विरोधातच असावी असं नाही, या मुद्द्यावर. आज सभासद वीस लाखांच्या पुढे आहेत. आपल्याकडे १९९३ मध्ये कचरा वेचणाऱ्या बायकांची कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत उभी राहिली, त्याच्या खूप आधी पन्नासच्या दशकात बाबा आढावांची हमाल पंचायत. या बायका पगारी नोकर नाहीत म्हणून आंतरराष्ट्रीय पद्धतीने छेदात नाहीत, आणि छेदात नाहीत म्हणून अंशातही धरायच्या नाहीत. ज्या संघटनेने पुणे महापालिकेशी करार करून हजारो बायकांचं काम दारोदार कचरा गोळा करण्याचं म्हणून मान्य करून घेतलं, ती संघटना तक्त्यात शून्य.

माथाडीचं तर अजून वेगळं. १९६९ चा माथाडी कायदा, अण्णासाहेब पाटलांच्या लढ्यातून आलेला. हमाल टोळीने काम करतो, आज या गाळ्यावर उद्या त्या, त्याचा मालक एक नाही. म्हणून मंडळ केलं, व्यापारी हमाली आणि तिच्यावर लेव्ही, म्हणजे ठरलेली जादा रक्कम, मंडळात भरतो, आणि मंडळ हमालाला मजुरी, प्रॉव्हिडंट फंड, बोनस, ग्रॅच्युइटी देतं. मंडळाची नोंदणी म्हणजे युनियनचं सभासदत्व नाही, पण मंडळ नसतं तर हमालाची युनियन टिकली नसती, आणि युनियन नसती तर मंडळात लेव्ही कोणी भरली नसती. घेंटच्या बेकारी फंडासारखंच आहे बघ हे, फक्त आपल्या मातीतलं, आणि त्यावर तुझ्यासारख्या पोरांनी लिहायला हवं.

तर तक्त्याचं असं कर. सभासदांचा टक्का राहू दे, त्याच्या शेजारी कराराचा टक्का, त्याच्या शेजारी आकडा सर्व्हेतून की नोंदीतून, आणि शेवटी एक रुंद कॉलम, सभासद नसेल तर काय बुडतं, त्यात एक-दोन वाक्यं लिही, तिथे नुसता आकडा घालू नकोस. देश वीस घेण्यापेक्षा सहा घे, स्वीडन, नॉर्वे, फ्रान्स, अमेरिका, जपान आणि भारत. जपान यासाठी की तिथे कंपनीनिहाय युनियन आहेत, आपल्या भोसरीसारख्याच, १९४९ ला ५५ टक्क्यांवर होते ते १६ वर आले, आणि तरीही दर वसंतात सगळ्या मोठ्या कंपन्यांच्या युनियना एकत्र पगारवाढीची मागणी लावतात, १९५५ पासून, ते कसं जमवतात ते वाच. भारतासाठी एकच आकडा देऊ नकोस, तीन दे, तिन्हींचा छेद लिहून. सर मार्क कापतील अशी भीती वाटली तर मला सांग, मी येऊन बोलतो त्यांच्याशी.

आणि माथाडीचा भाग लिहायच्या आधी मार्केट यार्डात सकाळी लवकर ये, गाड्या खाली होताना. भुसार बाजारात माझ्या ओळखीचे टोळीचे मुकादम आहेत, त्यांच्याकडे मंडळाचं कार्ड आणि पंचायतीची पावती दोन्ही खिशात असतात. दोन्हींचा फोटो काढायची परवानगी घे, आणि त्यांना विचार की यातलं एकच ठेवायचं म्हटलं तर कुठलं ठेवाल.